अजून पाव फेरा

आमचे भावोजी कशाला घाबरत नाहीत, हे गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं. एकदा त्यांच्या गॅरेजमध्ये एका स्कूटरच्या टाकीनं पेट घेतला. गिऱ्हाइकं पळाली, मी तर सगळ्यांच्या आधी पळालो. भावोजींनी ती जळती स्कूटर हँडल धरून ढकलत रस्त्याच्या मधोमध नेऊन उभी केली, तिच्यावर वाळूची बादली ओतली आणि परत येऊन राहिलेला चहा प्यायला. भुवया जळाल्या होत्या. त्या दिवसापासून लोक त्यांना शूर म्हणू लागले. मला जे म्हणू लागले ते इथे लिहीत नाही.

मी त्यांचा मेव्हणा. माझी थोरली बहीण त्यांची बायको. त्यांच्या गॅरेजला लागून माझं दुकान आहे, गाड्यांची सीट कव्हरं शिवायचं. मधल्या भिंतीला एक खिडकी आहे, तिच्यातून चहा, पाने-पक्कड आणि शिव्या इकडून तिकडे जातात. बावीस वर्षं मी त्या खिडकीतून त्यांना काम करताना बघतोय. म्हणजे ते काम करतात आणि मी बघतो, असं ताईचं म्हणणं.

भावोजींची एक पद्धत आहे. किती आवळलं ते दाखवणारे पाने बाजारात मिळतात, पण त्यांनी ते कधी घेतले नाहीत. हाताला कळतं, म्हणतात. बोल्ट आधी बसतो, मग दाटतो, मग जरा रुसल्यासारखा होतो. तो रुसला की थांबायचं आणि त्याच्यावरून खालच्या लोखंडापर्यंत पिवळ्या रंगाची बारीक रेघ ओढायची. बोल्ट पुढे कधी हलला तर रेघ तुटलेली दिसते. आणि रेघ ओढल्यावर त्या बोल्टला कोणी हात लावायचा नाही, खुद्द देव आला तरी. हा नियम मी शिव्या खाऊन शिकलोय. सुरुवातीच्या दिवसांत एकदा सीट बसवताना मी असाच एक बोल्ट ‘जरा बघू’ म्हणून पिळला होता. तेव्हा ते म्हणाले, सैल बोल्ट खडखड करतो, सांगून पडतो. जास्त आवळलेला काही सांगत नाही.

त्यांना एकच मुलगी. लहानपणी एका जागी दोन मिनिटं ठरायची नाही म्हणून ताईनं तिला भिंगरी नाव ठेवलं, ते चिकटलं. आता ती एकतीस वर्षांची आहे आणि इस्पितळात एक्स-रे काढते. दिवसभर लोकांची मोडलेली हाडं बघायची आणि संध्याकाळी मोटरसायकलवर टांग टाकून घरी यायचं. ती मोटरसायकल बापलेकीनं भंगारातून आणून उभी केलेली. एका सिलिंडरची, जुनी, आवाजानं घरातल्या म्हाताऱ्या माणसासारखी. कॉलेजच्या तीन सुट्ट्या दोघं तिच्यात हात घालून बसलेली मला आठवतात.

गेल्या वर्षी एका रविवारी ताईकडे जेवताना भिंगरीनं सांगितलं की तिनं नोकरीतून पाच महिन्यांची रजा मागितली आहे, बिनपगारी, आणि ती या मोटरसायकलवर आठ देश पार करून समुद्रापर्यंत जाणार आहे. एकटी. नकाशा तिनं भाजीच्या पातेल्याखालीच पसरला. ताईच्या हातातला डाव हातातच राहिला. मी बोलायला लागलो तो तीन दिवस बोलतच होतो. रस्ते, चोर, लांडगे, बर्फ, परकी भाषा, परकं पाणी, काही म्हणून सोडलं नाही. लांडगे त्या देशांत आहेत की नाहीत हे मला माहीत नव्हतं, पण बोलताना असं बघून चालत नाही.

भावोजींनी नकाशा बघितला, बोटानं एक वाळवंट मोजलं आणि विचारलं, “टाकी किती लिटरची लागेल?”

झालं. आली अंगावर तर घेतली शिंगावर, असा हा माणूस. ताईनं त्यांच्याशी आठवडाभर अबोला धरला आणि मग निमूटपणे औषधांची यादी करायला बसली. भावोजींनी एकच अट घातली. गाडी दुसऱ्या कोणाच्या हातून तयार होणार नाही, आणि जे जे ते बसवतील ते ते भिंगरीनं रस्त्याच्या कडेला बसून, एकटीनं, त्याच पिशवीतल्या हत्यारांनी सोडवून परत बसवून दाखवायचं.

चार महिने ती गाडी गॅरेजच्या मागच्या कोपऱ्यात उभी होती. इंजिन खोललं, रिंगा बदलल्या, चाकांची बेअरिंगं बदलली, त्यांचा एकेक आरा पिळून बघितला. मोठी टाकी बसवली. जुन्या खाटेच्या पाइपातून सामान लावायच्या दोन चौकटी बनवल्या, त्यांवर बसतील अशा ताडपत्रीच्या बॅगा मी शिवल्या. क्लचच्या केबलला लागून दुसरी तशीच केबल टेपनं बांधून ठेवली. वाटेत पहिली तुटली तर दुसरीची दोन टोकं फक्त अडकवायची, अर्ध्या तासाचं काम पाच मिनिटांत. हे बघून मी म्हटलं, भावोजी, असाच एक जादा बाप टेपनं बांधून देता आला असता तर बरं झालं असतं. एरवी ते हसले असते. तेव्हा हसले नाहीत. टेपचा शेवट दातानं तोडला आणि पुढच्या कामाला लागले.

मला तेव्हाच कळायला हवं होतं. पण ज्याला आपण शूर ठरवून टाकलेलं असतं त्याच्याकडे आपण नीट बघत नाही.

गॅरेजच्या मागे पडलेल्या गाड्यांचा ढीग आहे. अपघातातल्या. टेम्पोत घालून आणतात, दुरुस्त होण्यासारखी असेल ती होते, बाकीची तिथे पडते. तीस वर्षं भावोजींनी त्या गाड्या खोलल्या आहेत. कुठला भाग आधी आपटला, ब्रेक लागला होता की नाही, मागे कोणी बसलं होतं का, हे त्यांना गाडी बघून कळतं. आम्हाला ते कधी सांगत नाहीत. पण त्या चार महिन्यांत मध्येच त्यांच्या तोंडून एखादं वाक्य निसटायला लागलं. पेट्रोलची नळी हातात घेतली की म्हणायचे, याच नळीनं तो दूधवाला गेला. मागच्या चाकाचा दांडा पुसताना म्हणायचे, हा वाकला होता त्या नवराबायकोचा. मी खिडकीतून ऐकायचो आणि माझी शिवण वाकडी जायची. भिंगरीच्या गाडीचा असा एक भाग उरला नव्हता की ज्याच्यामागे त्यांना कोणी पडलेला माणूस दिसत नव्हता.

भिंगरीसमोर मात्र एक अक्षर नाही. ती आली की ते शिट्टी वाजवायचे.

तिच्या निघायला बारा दिवस उरले तेव्हा गाडी तयार झाली. शेवटच्या बोल्टवर पिवळी रेघ पडली. भावोजींनी हात धुतले आणि आता हिला कोणी शिवायचं नाही म्हणून सांगितलं. मी बॅगांचे पट्टे बसवायला गेलो तेसुद्धा त्यांची परवानगी काढून.

दोन दिवसांनी पट्ट्याचं एक बक्कल बदलायला मी सकाळी गॅरेज उघडल्या उघडल्या गेलो. वाकलो तर पुढच्या ब्रेकपाशी माझी नजर अडली. पुढच्या चाकाच्या तबकडीला ब्रेकचा जो जबडा धरतो, तो दोन बोल्टांवर बसलेला असतो. त्या दोन्ही बोल्टांवरची रेघ तुटलेली होती आणि तिच्या शेजारून नवी, ओली रेघ ओढलेली होती. मी इतर बोल्ट बघितले. मागच्या चाकाचा, हँडलचा, इंजिनचे. सगळीकडे तेच. तिसऱ्या दिवशी परत बघितलं, तर रेघेवर तिसरी रेघ. चौथ्या दिवशी चौथी. रंगाचा थर चिकटून चिकटून जाड झाला होता.

म्हणजे कोणीतरी रोज सकाळी गॅरेज उघडायच्या आधी हे बोल्ट फिरवत होतं. आणि गॅरेजची किल्ली एकाच माणसाकडे असते.

आता मी जे लिहितो ते लिहायला मला लाज वाटते, पण लिहितो. माझ्या मनात आलं की भावोजी बोल्ट सैल करून ठेवतायत. सगळे नाही, कुठला तरी एक, सुरुवातीलाच दगा देईल असा. गाडी पहिल्याच दिवशी, आपल्या मुलखात, चांगल्या रस्त्यावर बंद पडेल, भिंगरी टेम्पोत गाडी घालून परत येईल, चार दिवस रडेल, आणि संपलं. बापाला तोंडानं नाही म्हणता येत नाही, म्हणून तो पान्यानं नाही म्हणतोय. एकेक आवळून परत एकेक सैल, हिशोब चाललाय त्याचा, असं मी धरून चाललो.

आणि मी गप्प बसलो. मूग गिळून बसलो. कारण मलाही तेच हवं होतं. ज्या माणसानं लांडग्यांची नावं घेतली तो दुसरं काय करणार? मी देवाला हात जोडले की बोल्ट असा निवडू दे की पोरीला खरचटणारही नाही. मन चिंती ते वैरी न चिंती म्हणतात. माझं मन तर त्या दिवसांत वैऱ्याच्याही पुढे गेलं होतं. झोप लागली की मला चाक सुटलेलं दिसायचं.

निघायच्या तीन दिवस आधी चाचणी ठरली. सगळं सामान लादून भिंगरीनं घाट चढायचा, पलीकडच्या पेट्रोल पंपावरून वळायचं आणि परत यायचं. सकाळी आठला निघून बारापर्यंत घरी. भावोजींची अट अशी की फोन बरोबर न्यायचा नाही. पुढे वाळवंटात फोन लागणार नाही, तेव्हा आत्तापासून सवय. भिंगरीनं फोन काढून कामाच्या टेबलावर ठेवला, ताईनं दिलेला डबा बॅगेत टाकला आणि निघाली. मी पुढच्या चाकाकडे बघत होतो. तोंड उघडायला मला पुरी पाच मिनिटं मिळाली होती.

बारा वाजले. साडेबारा झाले. भावोजी एका स्कूटरचा कार्ब्युरेटर साफ करत होते, तोच तोच भाग पुसत. एक वाजता ताई घरून आली, जेवायला या म्हणून, आणि गाडीची जागा रिकामी बघून स्टुलावर बसली. टेबलावरचा फोन वाजला, तिघंही उठलो. भिंगरीच्या इस्पितळातलं कोणीतरी होतं. ताईनं, ती बाहेर गेलीय, एवढं सांगून फोन ठेवला आणि हात पदराला पुसला, जसं काही फोन ओला होता.

दीड वाजला. घाटातली वळणं मला एकेक करून दिसत होती, आणि प्रत्येक वळणावर मी केलेला गुन्हा उभा होता. शेवटी मला राहवलं नाही. मी खिडकीतून न बोलता पुढच्या दारानं गॅरेजमध्ये गेलो, भावोजींच्या समोर उभा राहिलो.

“भावोजी, खरं सांगा. तुम्ही कुठला बोल्ट सैल सोडला होता?”

त्यांना कळलंच नाही. कपाळाला आठी घालून बघत राहिले. मी सगळं सांगितलं. तुटलेल्या रेघा, रंगाचे थर, मी रोज बघत होतो ते, मी गप्प बसलो ते. ताई स्टुलावरून उठली. तिनं माझ्याकडे ज्या नजरेनं बघितलं ती मी जन्मात विसरणार नाही.

“सैल?” भावोजी म्हणाले. “मी कशाला सैल करीन? मी आवळत होतो.”

“रोज?”

“रोज. वाटायचं, कमी पडलंय. अजून पाव फेरा…”

ते तिथेच थांबले. त्यांच्या तोंडावरचा रंग उतरताना मी बघितला, कपाळापासून खाली. आठ-नऊ दिवस, रोज पाव फेरा. पोलादाचा बोल्टही तेवढं सोसत नाही. तो ताणत जातो, त्याची मान बारीक होत जाते, आणि वरून बघाल तर रेघ अगदी सरळ. हे मला त्यांनीच शिकवलेलं. दुसऱ्याच्या गाडीत ते त्यांना डोळे मिटून कळलं असतं. स्वतःच्या लेकीच्या गाडीत त्यांच्या हाताला ते कळलं नाही, कारण त्या हातात भीती उतरली होती, आणि भीतीला कितीही आवळलं तरी कमीच वाटतं.

“पुढचा ब्रेक,” ते म्हणाले. “त्याला सगळ्यांत जास्त आवळलं मी.”

त्यांनी भिंतीवरची दुसऱ्या गिऱ्हाइकाच्या गाडीची किल्ली काढली. मी म्हटलं मी चालवतो. तेव्हा ताई एकदम म्हणाली, थांबा, आवाज येतोय.

येत होता. पहिल्या गिअरमधला, रडत रडत येणारा. दोनच्या सुमाराला भिंगरी गल्लीत शिरली, चालत्या माणसाच्या वेगानं, दोन्ही पाय खाली सोडून. गुडघा फाटला होता, कोपर सोललं होतं, बाकी धड होती. पुढचा ब्रेक जागेवरून काढून तिनं तारेनं वर बांधून टाकला होता. ताईनं तिला गाडीवरूनच खेचून जवळ घेतलं. मी पुढे होऊन गाडी धरली आणि स्टँडवर लावली.

भिंगरीनं काय झालं ते सांगितलं. घाट उतरताना तिसऱ्या वळणावर ब्रेक दाबला, खट्ट आवाज झाला आणि हँडलला झटका बसला. जबड्याचा वरचा बोल्ट डोक्यापाशी तुटला होता. तिनं गाडी डोंगराच्या बाजूला घातली, मागच्या ब्रेकवर घसरवत आणली आणि पडली. उलट्या बाजूला दरी होती, हे तिनं सांगितलं नाही. आम्हाला तो रस्ता माहीत आहे. मग तासभर बसून तिनं जबडा सोडवला, बांधला, आणि उरलेला सगळा घाट पहिल्या गिअरमध्ये इंजिनच्या जोरावर उतरली. अर्धा बोल्ट खिशातून काढून तिनं टेबलावर ठेवला.

“हलका माल निघाला, बाबा,” ती म्हणाली. “दुकानदारानं फसवलं तुम्हाला. दुसरा आणू.”

तेवढ्यावर भागलं असतं. दुकानदार चार शिव्या खाऊन मेला नसता. भावोजींनी तो तुकडा उचलला, खिडकीच्या उजेडात धरला, तुटलेल्या मानेवरून अंगठा फिरवला. मी म्हटलं, आता गप्प बसा, भावोजी. मनातल्या मनात म्हटलं.

“माल चांगला होता,” ते म्हणाले. “मी मोडला. रोज सकाळी येऊन आवळत होतो. सगळेच आवळलेत. घाबरलो होतो मी.”

“तुम्ही?”

“चार महिने घाबरलोय. नकाशा बघितला तेव्हापासून.”

मला वाटलं भिंगरी चिडेल. चिडायचा तिला हक्क होता. ती तशीच जमिनीवर बसली, गाडीच्या चाकाला पाठ लावून, आणि तिचा चेहरा लहानपणी तापात व्हायचा तसा झाला.

“मग मला का नाही सांगितलंत?” ती म्हणाली. “मला पण भीती वाटते, बाबा. रोज वाटते. पहाटे उठून नकाशा बघते आणि परत घडी घालून ठेवते. आई रडते, मामा लांडगे सांगतो. म्हटलं बाबा घाबरत नाहीत ना, मग जमेल. तुमच्याकडे बघून मी निघाले होते.”

ताई तिच्या गुडघ्यावर ओलं फडकं धरून बसली होती, तिचा हात थांबला.

“आता तुम्हीच सांगा,” भिंगरी म्हणाली. “जाऊ का नको?”

ती खरंच विचारत होती. भावोजी नको म्हणाले असते तर ती त्या क्षणी मोकळी झाली असती, बॅगा उतरवल्या असत्या, सोमवारी इस्पितळात रुजू झाली असती. आम्ही चौघंही सुटलो असतो. मी भावोजींच्या तोंडाकडे बघत होतो आणि आतून ओरडत होतो, म्हणा, नको म्हणा, एवढा एक शब्द म्हणा. ताईच्या डोळ्यांत मला तेच दिसलं.

भावोजींनी हातातल्या तुकड्याकडे बघितलं. मग त्यांनी तो कचऱ्याच्या डब्यात टाकला.

“आधी गाडी बघू,” ते म्हणाले. “मी पाना धरणार नाही. माझ्या हाताचा भरवसा नाही आता. तू धर.”

पुढचे दोन दिवस ते चाललं. जे जे बोल्ट त्यांनी आवळले होते ते सगळे काढून फेकले आणि नवे आणले. तुटलेल्या बोल्टचा आत अडकलेला भाग भिंगरीनं भोक पाडून काढला. मग एकेक करून आवळायला घेतले. ती खाली बसलेली, भावोजी स्टुलावर, दोन्ही हात मांडीखाली घालून. लहान मुलांना शाळेत बसवतात तसे. हात बाहेर असले की आपोआप पुढे जायचे. ती आवळत यायची, थांबायची आणि वर बघायची. त्यांनी पुरे म्हटलं की रेघ. पहिल्या दिवशी प्रत्येक बोल्टला ते अजून पाव फेरा म्हणायचे. भिंगरी मान हलवायची, म्हणायची, रुसलाय बाबा तो, मला कळलं. मग ते डोळे मिटून घ्यायचे आणि म्हणायचे, पुरे. अडुसष्ट बोल्ट. मी मोजले, कारण माझ्या हातून दुसरं काही होत नव्हतं. एवढे कष्ट घेताना मी त्यांना इंजिन उचलतानाही बघितलं नव्हतं.

पुढच्या ब्रेकचे दोन शेवटी ठेवले होते. तिनं खालचा आवळला, पुरे झालं. वरचा आवळला आणि वर बघितलं. भावोजी बोलेनात. त्यांच्या हनुवटीवरून घाम टपकत होता. भिंगरी पाना तसाच धरून बसली, पुढे ढकलेना, मागे घेईना. ताई दारात येऊन उभी राहिली. रस्त्यावरून एक भाजीवाला ओरडत गेला, त्याचा आवाज लांब जाईपर्यंत कोणी हललं नाही.

“पुरे,” भावोजी म्हणाले. मग थोड्या वेळानं म्हणाले, “जा तू.”

ती दुसऱ्या दिवशी सकाळी सातला निघाली. ताईनं तिच्या खिशांची तीन वेळा तपासणी केली. मी लांडग्यांबद्दल एक शब्द काढला नाही, त्यासाठी मला बक्षीस मिळायला हवं. भिंगरीचे हात हातमोजे घालताना थरथरत होते आणि तिनं ते लपवले नाहीत. भावोजींनीही त्यांचे लपवले नाहीत. दोघांनी एकमेकांचे हात बघितले, आणि त्याच थरथरत्या हातांनी तिनं गाडी चालू केली.

कोपरा वळून ती दिसेनाशी झाली. ताई आत गेली. मी आणि भावोजी गॅरेजच्या पायरीवर उभे होतो. गाडीचा आवाज मोठ्या रस्त्याला लागला, पुलावर चढला. दुसरा गिअर, भावोजी म्हणाले. तिसरा. नीट टाकतेय.

“तुम्ही नको म्हणाला असतात तर ती थांबली असती,” मी म्हटलं. बोलून गेलो. मला अजूनही राग होता, कोणावर ते सांगता येत नाही.

“थांबली असती,” ते म्हणाले. “आणि मग सगळा जन्म मी तिला असंच आवळून आवळून कमी करत बसलो असतो. आता गप्प बस. ऐकू दे.”

ते मान कलती करून पुलाच्या दिशेला कान देऊन उभे राहिले, पाच मिनिटं, दहा मिनिटं, गिऱ्हाईक येऊन परत गेलं तरी. मला तर केव्हापासून काहीच ऐकू येत नव्हतं.